चार वाक्यांचे बाबा

बाबा अवेर्कींना बोलता येत नसे. मुके नव्हते हो! गायला उभे राहिले की आवाज असा खणखणीत, की उंझा नदीच्या पलीकडे गवत कापणाऱ्या बाया विळा थांबवून छातीवर क्रूस काढायच्या. पण गाणं संपवून स्वतःचं काही सांगायची वेळ आली, की पहिलाच शब्द दातांमागे अडकायचा. मान ताणली जायची, दाढी थरथरायची, आणि अख्खं लिपोव्का गाव श्वास रोखून तो शब्द मनातल्या मनात पुढे ढकलायचं. अशा माणसाला उपदेश केला म्हणून मारलं. आता याला हसावं की रडावं, तुम्हीच सांगा.

गावात आले तेव्हा तिशीही उलटली नव्हती. बरोबर बायको तैसिया, दोन पोरी, तिसरी पोटात, आणि मधमाश्यांच्या चार पेट्या. पहिल्या रविवारी उपदेशासाठी त्यांनी चार पानं लिहून आणली होती. उभे राहिले, पानं थरथरली, घामाने शाई फुटली. शेवटी पानं खिशात कोंबली आणि म्हणाले, "ल-ल-लोकहो, कुरणाच्या बांधावरून इथले दोन भाऊ सहा वर्षं बोलत नाहीत असं ऐकलं. दोघंही आत्ता इथे उभे आहेत. आज एकाने दुसऱ्याकडे जेवायला जावं. मला भूक लागलीय, तुम्हालाही लागली असेल." झालं. वळले आणि गाभाऱ्यात गेले.

तेव्हापासून ठरूनच गेलं, बाबांचा उपदेश म्हणजे चार वाक्यं. चर्चच्या पायरीवर एक म्हातारा कुरकुरला होता, "मागचे बाबा तासभर बोलायचे, एक अक्षर कळायचं नाही, निवांत डुलकी लागायची. हे चारच वाक्यं बोलतात आणि घरी जाऊन भावाच्या पाया पडावं लागतं. मागचेच बरे होते!"

ही चार वाक्यं सगळ्यात जपून कुणी ठेवली असतील, तर लुकेर्याने. तिचा नवरा जर्मन लढाईत गेला तो परतलाच नाही. बाविसाव्या वर्षी ती विधवा झाली. पूजेचे पाव भाजायचं काम आमच्या ऑर्थोडॉक्स रिवाजात शुद्ध चालीच्या विधवेलाच देतात, ते तिच्याकडे आलं. शनिवारी पहाटे उठायचं, कणीक मळताना तोंडात प्रार्थना सोडून दुसरा शब्द आणायचा नाही, दोन चकत्या एकमेकींवर ठेवायच्या, वर क्रूसाचा लाकडी ठसा उमटवायचा. रविवारी लोक पावाबरोबर नावांची चिठ्ठी गाभाऱ्यात पाठवायचे. चिठ्ठीवर दोन याद्या, एक जिवंतांची, एक मेलेल्यांची. बाबा एकेक नाव वाचायचे आणि एकेका नावाला पावाचा एकेक कण काढून ठेवायचे. अर्ध्या गावाला लिहिता येत नव्हतं, तेव्हा चिठ्ठ्या लिहायचं कामही लुकेर्याच्याच गळ्यात पडलं. शाळेत तीन वर्षं गेली होती ना! बाबा म्हणायचे, "लुकेर्या, तुझं अक्षर म्हणजे अं-अंडी. सगळी सारखी, सगळी गोल."

घरी तिची आई. पाय गेलेले, दिवसरात्र भल्यामोठ्या चुलीवरच्या झोपायच्या उबदार ओट्यावर पडून. जीभ मात्र चौखूर धावायची. लुकेर्या चर्चमधून आली, की वरून हाक यायचीच.

"काय म्हणाले गं बाबा?"

"म्हणाले, की... थांब हं... शेजाऱ्याच्या गाईबद्दल काहीतरी."

"गाईबद्दल! देवाच्या घरात जाऊन गाय घेऊन आली! अगं, तुझं डोकं आहे की पिठाची चाळण?"

शेवटी लुकेर्याने एक वही घेतली. निळ्या पुठ्ठ्याची, शाळकरी. चर्चमधून यायचं, डोक्यावरची शालही न सोडता आधी ती चार वाक्यं वहीत उतरवायची, मग शाल काढायची. म्हातारी ती चार वाक्यं आठवडाभर चघळायची. एखादं नाही पटलं, तर निरोप पाठवायची, "बाबांना म्हणावं, हे काही मला पटलं नाही." आणि बाबा खरंच यायचे, ओट्याशी स्टुलावर बसायचे, अडखळत अडखळत तिच्याशी वाद घालायचे. तिच्यासमोर ते फार अडखळत नसत. बहुतेक वेळा हरायचे, आणि जाताना मधाची वाटी ठेवून जायचे.

मग दिवस फिरले. देव न मानणाऱ्या नव्या सरकारने जमिनी एकत्र केल्या, आसपासच्या गावांतल्या घंटा उतरल्या, कितीतरी चर्चना कुलपं लागली. लिपोव्काचं उघडं राहिलं, कारण गावसभेचा अध्यक्ष येफ्रेम याची आई रोज तिथे मेणबत्ती लावायची, आणि आईपुढे येफ्रेमची टाप नव्हती. पण जिल्ह्याहून दट्ट्या आला, तेव्हा तो टोपी हातात घेऊन मधमाश्यांच्या पेट्यांशी येऊन उभा राहिला. त्याचं लग्न बाबांनीच लावलं होतं. लुकेर्या तेव्हा अंगणात पावांची टोपली घेऊन उभी होती, म्हणून तिने सगळं ऐकलं.

"बाबा, गा तुम्ही," येफ्रेम म्हणाला. "धूप घाला, पाणी शिंपडा, मढी पुरा. कोण नको म्हणतंय? फक्त ते तुमचं बोलणं बंद करा. नाहीतरी तुम्हाला कुठे बोलता येतं!"

"ते ख-खरं आहे," बाबा म्हणाले.

"मग झालं तर. जे येत नाही ते करायचंच कशाला?"

तो गेल्यावर तैसियामाई ओसरीतून खाली आल्या. बाई मोजकं बोलणारी, पण त्या दिवशी पदर पसरून बोलल्या. "अहो, तीन पोरी आहेत घरात. चार वाक्यंच तर गिळायची आहेत. माझ्यासाठी गिळा. मी आजवर तुमच्याकडे काही मागितलं नाही."

हे खरंच होतं, माईंनी कधी काही मागितलं नव्हतं. बाबांनी मान हलवली.

दोन वर्षं ते गप्प राहिले. पूजा संपली की लोक सवयीने थांबायचे, बाबा दारापर्यंत यायचे, सगळ्यांकडे बघायचे, आणि क्रूस पुढे करून आशीर्वाद द्यायचे. बस्स. लुकेर्या घरी यायची, वरून हाक यायची, "काय म्हणाले?"

"काही नाही."

"लपवतेस माझ्यापासून! मरायला टेकलेल्या बाईपासून लपवतेस!"

"आई, शपथ घेते, काही म्हणाले नाहीत."

"मग कसले बाबा नि कसलं काय," म्हातारी म्हणाली आणि भिंतीकडे तोंड करून झोपली. दोन वर्षं ती त्या भिंतीकडेच बघत होती.

सदतीस साल उजाडलं आणि शिरगणती आली. घरोघर विचारणार होते, तुम्ही देव मानता की नाही. गावात नुसता गोंधळ उडाला. कुणी म्हणे, हो म्हणाल तर नाव काळ्या यादीत. कुणी म्हणे, नाही म्हणाल तर मेल्यावर चर्चमध्ये घेणार नाहीत. बाया लुकेर्याच्या मागे लागल्या, "अगं, तुझी तिथे ये-जा आहे, बाबांना विचार ना, काय सांगायचं?" तिने विचारलं. बाबांनी उत्तर दिलं नाही, पण त्या दिवशी चहात साखरेऐवजी मीठ घातलं आणि तो चहा प्यालेही.

त्या रविवारी पूजा संपली. बाबा पुढे आले, क्रूस उचलला, आणि पुन्हा खाली घेतला. मान ताणली गेली. माईंनी बायकांच्या रांगेत डोळे मिटून घेतले.

"ल-ल-लोकहो, शिरगणतीवाले येतील आणि विचारतील, देव मानता का. मानत असाल तर हो म्हणा, नसाल तर नाही म्हणा, पण भिऊन खोटं बोलू नका. मी दोन वर्षं भिऊन गप्प राहिलो, ते खोटंच बोलणं होतं. मला माफ करा."

आणि त्या सबंध गावासमोर त्यांनी जमिनीला कपाळ टेकवलं.

लुकेर्या घरापर्यंत धावत गेली. शाल सुटून बर्फात पडली तरी थांबली नाही. वही उघडली, शाई गोठली होती ती तोंडाच्या वाफेने विरघळवली, आणि लिहिलं. मग वर चढून आईला वाचून दाखवलं. म्हातारीने पुन्हा वाचायला लावलं. तिसऱ्यांदाही. मग म्हणाली, "आता पटलं," आणि दोन वर्षांनी तोंड इकडे फिरवलं.

सबंध लिपोव्काने 'मानतो' सांगितलं. सात जण सोडून. येफ्रेम त्या सातांतला, त्याच्या आईने मात्र शेजारच्या खोलीतून ओरडून सांगितलं, "मानते! मोठ्ठ्या अक्षरात लिही!" येफ्रेम डोकं धरून बसला. जिल्ह्यात कुठलं तोंड दाखवायचं त्याने!

उन्हाळ्यात म्हातारी गेली. शांतपणे गेली, तिचं नशीब. कारण पानगळ सुरू झाली आणि निळ्या टोपीवाले आले, सरकारचे गुप्त पोलीस.

आधी दोन दिवस त्यांनी गावाची उलटतपासणी घेतली. तुमच्या बाबाने शिरगणतीविरुद्ध काय भाषण ठोकलं? गाव कसलं बिलंदर! एक म्हणाला, मला कानाने कमी ऐकू येतं. दुसरा म्हणाला, मी मेणबत्त्या मोजत होतो. येफ्रेमची आई म्हणाली, "ते होय? ते तोतरे आहेत हो, ल-ल-ल म्हणतात, पुढचं कुणाला कळतंय!" दोन दिवसांत निळ्या टोप्यांच्या हाती कागदावर उतरवण्यासारखं एक वाक्य लागलं नाही. साक्ष नाही, कागद नाही. गावाला वाटलं, सुटलो.

लुकेर्याला मात्र घरातल्या वहीने जाळायला घेतलं. घराची झडती झाली तर? जाळून टाक, सरळ गोष्ट आहे. पण तिच्या हातून ते होईना. वहीत पानोपानी देवाचं नाव होतं. ज्या चुलीवर कोबीचं सार शिजतं, जिच्यात भांड्यांचं खरकटं सांडतं, त्या चुलीत देवाचं नाव घालायचं? आमच्यात असं करत नाहीत. फाटलेला धर्मग्रंथ असो, झिजलेलं पवित्र चित्र असो, ते चर्चच्या भट्टीत जाळायचं, जिथे धूपाचे निखारे करतात तिथे, आणि राख नदीत सोडायची. लुकेर्याला दुसरं काही सुचलंच नाही. कुठल्याही शहाण्या बाईने फाडून उकिरड्यात पुरली असती. हिने शनिवारी पाव भाजले, टोपलीच्या तळाशी वही ठेवली, वर फडकं, फडक्यावर पाव रचले, आणि टोपली बाबांच्या घरी नेऊन ठेवली. बाबा पेट्यांवर गवताचं पांघरूण घालत होते, थंडीची तयारी. "संध्याकाळच्या प्रार्थनेला आलात की एक सांगायचंय," ती म्हणाली. ते म्हणाले, "ब-बरं."

संध्याकाळ झालीच नाही. दुपारीच गाडी आली.

लुकेर्या ऐकून धावली, तेव्हा कुंपणाशी अर्धं गाव उभं होतं. दारं सताड उघडी. आत गाद्या फाडल्या होत्या, पुस्तकं अंगणात फेकली होती, मधमाश्यांच्या दोन पेट्या उलथल्या होत्या आणि थंडीने बधिर झालेल्या माश्या गवतावर सरपटत होत्या. मग एकाने टोपली बाहेर आणून उपडी केली. पाव घरंगळले. शेवटी वही पडली.

टोपीवाल्याने ती उचलली, पानं उलटली, आणि हसला. "वा! तारीखवार."

येफ्रेम शेजारीच साक्षीदार म्हणून उभा होता. त्याला छापील अक्षरच कसंबसं वाचता यायचं. पण बाबांनी ते पान बघितलं. अठरा वर्षं दर रविवारी ते ती अंडी वाचत होते. त्यांनी मान वर केली आणि कुंपणापाशी थेट लुकेर्याकडे बघितलं.

'माझी आहे ती.' तीन शब्द. तोतऱ्या माणसालाही जमले असते. लुकेर्याने तोंड उघडलं. आणि पुन्हा मिटलं.

बाबा वाकले, एक पाव उचलला, त्याची माती फुंकली, ठशाला ओठ लावले. मग अजिबात न अडखळता म्हणाले, "लुकेर्या, या खेपेला पाव छान फुगलेत."

माई त्यांच्या बाहीला धरून कानाशी काहीतरी भराभरा कुजबुजत होत्या. बाबांनी मान हलवून नाही म्हटलं आणि माईंच्या कानात दोन शब्द सांगितले. गाडी गेली.

लुकेर्याने त्या रात्री सुक्या पावाच्या तुकड्यांची पिशवी भरली, गरम मोजे भरले, आणि दाराशी बसून राहिली. अक्षर ओळखतील, येतील, नेतील. आठवडा गेला, महिना गेला. कुणी आलं नाही. का आलं नाही, हे तिला कळेना, आणि आलं नाही म्हणून बरं वाटायचं, त्याची तिला शिसारी यायची.

लिपोव्काच्या चर्चलाही कुलूप लागलं, आणि बाबांचं घर गावसभेने ताब्यात घेतलं. माई तीन पोरी आणि एक गाठोडं घेऊन रस्त्यावर उभ्या. दारं बंद झाली हो! ज्यांच्या बापांना बाबांनी पुरलं, ज्यांच्या पोरांना पाण्यात बुडवून नाव दिलं, त्यांची दारं बंद. उघडलं ते लुकेर्याचं. गाव म्हणालं, "लुकेर्या म्हणजे देवमाणूस." हे शब्द तिच्या अंगावर उकळतं पाणी ओतल्यासारखे पडायचे.

जिल्ह्याच्या तुरुंगाच्या खिडकीवर माई तीनदा कपड्यांची पुडकी घेऊन गेल्या. तिसऱ्यांदा खिडकीतून सांगितलं, "दहा वर्षं. पत्रव्यवहाराचा हक्क नाही." म्हणजे जिवंत आहेत! लुकेर्या त्या एका गोष्टीला लटकून राहिली. दहा वर्षांनी ते येतील, दारात उभे राहतील, आणि ती त्यांच्या पायांवर पडून ते तीन शब्द बोलेल. तोवर कुणाला काही सांगायचं नाही. माईंना तर नाहीच. आधी त्यांना, मग जगाला. पुढे दुसऱ्या जर्मन लढाईच्या अखेरीला तीस मैलांवर एक चर्च उघडलं, तिथे ती वर्षातून चारदा चालत जायची आणि मेणबत्त्यांच्या गल्ल्यावरच्या बाईला तोंडी सांगायची, "जिवंतांच्या यादीत लिहा, अवेर्की." स्वतः लिहायची नाही. गावात कुणी पत्र लिहून मागितलं तर म्हणायची, "विसरले मी अक्षरं." त्या शनिवारनंतर तिने लेखणी हातात धरली नाही.

दहा वर्षं भरली, त्या पानगळीत तिने घर धुऊन काढलं, पाव भाजले, रस्त्याकडे बघत बसली. कुणी आलं नाही. लोक म्हणाले, आणखी दहा देतात म्हणे, तिथल्या तिथे. मग तिने आणखी दहा धरली. पोरी लग्न होऊन लांब गेल्या, आईला बोलवत राहिल्या. माई गेल्या नाहीत. दोघी एका ताटात जेवत, एका चुलीच्या ओट्यावर झोपत. बोलणं कामापुरतं.

उपवासाच्या आधीच्या रविवारी आमच्यात सगळे एकमेकांची माफी मागतात. नवरा बायकोची, सासू सुनेची, वाकायचं आणि म्हणायचं, "मला माफ कर." समोरचा म्हणतो, "देव माफ करेल, आणि मीही करतो." दोन तुकड्यांचं उत्तर आहे, शेंबड्या पोरालाही पाठ. लुकेर्या दरवर्षी माईंसमोर जमिनीपर्यंत वाकायची. माई म्हणायच्या, "देव माफ करेल." आणि भांडी आवरायला वळायच्या. लुकेर्याला वाटायचं, बिचारीची दुःखाने जीभच आखडली, पुढचं म्हणायचं राहून जातं. एकोणीस वर्षं तिला असंच वाटत होतं.

एकोणिसाव्या वर्षी, त्याच रविवारी, धिरडी टाकून होत होती आणि दार वाजलं. दारात एक दात नसलेला, वाकलेला माणूस. नाव नझार, पलीकडच्या गावचा, लोकरीचे बूट करणारा. तुरुंग, छावणी, हद्दपारी, सगळं भोगून आत्ता परत आला होता. त्याने आधी सहा धिरडी खाल्ली. मग टोपी मुरगाळत म्हणाला, "माई, मी बाबांच्या कोठडीत होतो. सदतीस साली. आधीच यायला हवं होतं, पण येऊ देतंय कोण."

माई बसल्या. लुकेर्या चुलीशी उभीच राहिली.

"अकरा दिवस होते आमच्यात. गायचे हळू आवाजात. त्यांना काय विचारायचे माहितीय? उपदेशाचं तर त्यांनी पहिल्याच दिवशी कबूल केलं, माझेच शब्द म्हणाले. पण एक वही होती. तिचंच घेऊन बसले होते. हे बाईचं अक्षर आहे, कुणाचं ते सांग, दुसरं नाव दे. बाबा म्हणायचे, म-माझं आहे. माझ्या डोक्यात काही राहत नाही, म्हणून लिहून ठेवतो. ते म्हणायचे, मग लिहून दाखव. रात्रभर उभं करायचे. सकाळी आणून टाकायचे तेव्हा हाताची बोटं..." नझारने स्वतःच्या हाताकडे बघितलं. "जाऊ दे. बोटं गेल्यावर अक्षर कसं जुळवणार? बाराव्या दिवशी सामानासकट हाक मारली. सामानासकट म्हणजे काय, ते आम्हाला ठाऊक होतं. मागच्या अंगणातून गोळीचा आवाज आला."

"सदतीस साली," माई म्हणाल्या.

"ऑक्टोबर. पहिला बर्फ पडला होता. माई, ती वही नसती तरी नेलंच असतं हो. त्या वर्षी त्यांना माणसं हवी होती, कारणं नव्हती हवी."

तो गेला. तव्यावरचं धिरडं जळून काळं झालं होतं, ते कुणी काढलं नाही. खिडकीतली ती 'दहा वर्षं' थाप होती; एकोणीस वर्षं लुकेर्या एका मेलेल्या माणसाला जिवंतांत मोजत होती. कुणी येणार नव्हतं. ज्याच्या पायांवर पडायचं, ते पाय पहिल्या बर्फातच गेले होते, आणि ती दाराशी सुक्या पावाची पिशवी घेऊन बसली होती तेव्हा तिचं नाव वाचवण्यासाठी त्यांची बोटं गेली होती.

ती माईंसमोर जमिनीवर पडली. कपाळ फळीला लागलं, आवाज झाला.

"माई, ती वही माझी होती. मी ठेवली होती टोपलीत. चर्चच्या भट्टीत जाळायची म्हणून. मी कुंपणापाशी होते, मला बोलता आलं असतं. मी बोलले नाही. मला माफ करा."

 मग वरून आवाज आला, थंड नाही, रागावलेलाही नाही, नुसता थकलेला.

"तुझं अक्षर मी ओळखत नव्हते, असं वाटलं तुला? पूजेच्या सगळ्या चिठ्ठ्या मीच त्यांना काढून द्यायचे. मी त्यांच्या कानात तेच सांगत होते, नाव घ्या, लुकेर्याचं नाव घ्या, तिला ना पोर ना बाळ, तुम्हाला तीन आहेत. त्यांनी मला शपथ घातली, गप्प राहा म्हणून. मी पाळली. तुला कुणी शपथ घातली होती गं?"

लुकेर्या पडूनच राहिली.

"तुझ्याकडे आले, कारण दुसरं दार नव्हतं. पोरींना तुझ्या हातचं खाऊ घातलं. मीही खाल्लं. रोज वाटायचं, आज बोलेल. पोरी बोलवायच्या तरी गेले नाही. म्हटलं, मी गेले आणि ही त्याच दिवशी बोलली तर? एकोणीस वर्षं, लुकेर्या. आता बोललीस, आता तो बूटवाला येऊन सांगून गेल्यावर."

"माफ करा, माई."

माई उठल्या. त्यांचे गुडघे वाजले.

"देव माफ करेल," त्या म्हणाल्या.

लुकेर्या पुढच्या शब्दांसाठी थांबली. माईंनी तवा उचलला, जळकं धिरडं खरवडलं आणि कोंबड्यांना टाकायला बाहेर गेल्या.

दुसऱ्या दिवशी उपवास सुरू झाला. माईंनी टेबलावर कागद, दौत आणि लेखणी आणून ठेवली. "लिही. मेलेल्यांच्या यादीत. एकोणीस वर्षांचं राहिलंय त्यांचं." लुकेर्या म्हणाली, मला येत नाही. माई म्हणाल्या, "येतं तुला. त्यांना आवडायचं तुझं अक्षर." तिने लिहिलं. अक्षर गोलच आलं, जराही हललं नाही, याचंच तिला भय वाटलं.

त्यानंतर माई तीन वर्षं जगल्या. दर वर्षी त्या रविवारी लुकेर्या वाकली आणि दर वर्षी अर्धंच उत्तर आलं. तिसऱ्या वर्षी माई अंथरुणाला खिळल्या. लुकेर्याने त्यांचं सगळं केलं, उचललं, धुतलं, भरवलं. पुन्हा तो आठवडा आला, धिरड्यांचा. लुकेर्या मनात माफीच्या रविवारपर्यंतचे दिवस मोजत होती, अजून तीन, अजून दोन. माई शुक्रवारी सकाळी गेल्या. शेवटी पाणी मागितलं, प्याल्या, आणि "पुरे" म्हणाल्या. तेवढंच.

गावच्या बाया जमल्या. "तुझ्याइतकं सख्ख्या लेकीने केलं नसतं गं," त्या म्हणत होत्या. लुकेर्याने शवपेटीशी तीनदा जमिनीपर्यंत वाकून रिवाजाप्रमाणे मेलेलीची माफी मागितली. बायांना वाटलं, रीत पाळतेय.

चाळिसाव्या दिवशी आमच्यात मेलेल्याच्या नावाने प्रार्थना करतात, त्या दिवशी ती एकटी तीस मैल चालत त्या चर्चला गेली. गल्ल्यावरच्या बाईने विचारलं, "आजी, मी लिहू का नावं?" लुकेर्या म्हणाली, नको, मला लिहिता येतं. तिने कागदावर मधोमध रेघ मारली. मेलेल्यांच्या बाजूला लिहिलं, अवेर्की, तैसिया. बाईने कागद बघितला आणि म्हणाली, "आजी, जिवंतांची बाजू कोरीच राहिली. घरात कुणी नाही का? मग स्वतःचं तरी लिहा."

लुकेर्याने लेखणी पुसली आणि कागद तसाच गल्ल्यावरून पुढे सरकवला.